पेट्रोल ओतायचं राहिलं

आमच्या शेटलंडला जूनमध्ये रात्र नीट पडतच नाही,
आभाळ नुसतं दुधाळतं, मेंढ्या उभ्याच पेंगतात.
त्र्याहत्तर सालच्या तसल्याच एका रात्री
हेरिंग खारवायच्या जुन्या शेडमध्ये ती रेकॉर्ड झाली.
तुमच्याकडेही असेल. कव्हरवर पिंपं, दोरखंड,
आणि मागे, निरखून पाहिलंत तर, एक कोपर.
ते माझं.

मी चौदा वर्षांचा. काम एकच:
भिंतीमागे जनरेटर, शेजारी लाल डबा,
दर पाऊण तासानं पेट्रोल ओतायचं.
ग्लासगोहून आलेला पेटिग्रू, टेपच्या यंत्रावर वाकलेला,
बोट नाचवत म्हणाला, "रॅस्मी, विसरलास
तर समुद्रात फेकीन."
चेष्टा करत नव्हता.

पहिली बाजू तुम्हाला पाठ असणार.
बेथ गाता गाता कडवं विसरते, मग मागच्या बाकावरून
मीमा टलॉक ते ओरडून देते, खाटकाशी हिशोब घालावा तशी.
लॉरीच्या फिडलची तार तुटते. कुणी शिंकतं, कुत्रं उत्तर देतं.
ड्रमवाला जॉर्डी "थांबा, बूट" म्हणतो
आणि सगळे खरंच थांबतात, बुटासाठी.
शहरात काचेमागे केलेल्या त्यांच्या तिन्ही रेकॉर्डांत
एकही बूट नाही.
त्या आता कुणी लावत नाही.

पण लोक येतात ते शेवटच्या गतीसाठी.
साडेचार मिनिटं. संथ निघते, होडी पाण्यात ढकलावी तशी,
मग कुणी न सांगता चढू लागते,
सूर वर सरकतो, पाय जमिनीवर ठरत नाहीत,
लॉरीचा गज जणू स्वतःच्याच मागे लागलाय.
त्या रात्री त्यांच्या अंगात वारं शिरलं, असं एकानं लिहिलं.
दुसऱ्यानं बुडालेल्या खलाशांना श्रेय दिलं.
पन्नास वर्षं पोरं ती गत त्या वेगानं वाजवायला जातात
आणि मनगट धरून घरी परततात.

आता सांगतो.
मी भिंतीमागून आत सरकलो होतो.
एकच गाणं, म्हटलं. दाराच्या फटीत उभा राहिलो.
खारलेल्या लाकडाचा, घामाचा, ओल्या लोकरीचा वास,
आणि लॉरी, डोळे मिटून.
डबा आठवलाच नाही.
बाहेर जनरेटर धापा टाकू लागला, टेप मंदावली,
आणि मंद टेपवर भरलेलं
पुन्हा सरळ वेगानं लावलं की धावतं.
एवढंच.
लॉरी होता तसाच वाजवत होता,
दमलेला, मनानं केव्हाच घरी निघालेला.

पेटिग्रूनं मला फेकलं नाही.
टेप ऐकून बराच वेळ गप्प बसला,
मग म्हणाला, "कुणाला बोलू नकोस."
तो गेला. लॉरी त्याच्याही आधी.
त्याला कळलं होतं का, विचारायचा धीर झाला नाही.
म्हातारपणी कुणी ती गत वाजव म्हटलं
की तो नुसता हात पुढे करायचा: हे बघा, सांधे.

परवा ऑस्लाची नात इंगा, सोळा वर्षांची,
माझ्या बोटीच्या शेडमध्ये फिडल घेऊन आली.
"ऐका," म्हणाली.
संथ. मग चढली.
तारेवर बोटं केसभर केसभर पुढे सरकवत
तिनं सूर वर नेला, वेग वर नेला,
यंत्र नाही, टेप नाही,
त्या रात्री जे कुणी वाजवलंच नव्हतं
ते ही वाजवत होती,
माझ्यासमोर, जीभ दातांत धरून.

संपल्यावर विचारते, "लॉरीइतकं नाही ना जमलं?"

मी सांगणार होतो.
कोपऱ्यात तो लाल डबा आहे अजून, गंजलेला,
त्यात खिळे ठेवतो. उगाच चार खिळे उचलले,
परत टाकले.
"शेवटी किंचित घाई होते," म्हणालो.
"पुन्हा वाजव."